शेक्सपिअर इन लव्ह : समीक्षा, पुरस्कार आणि नंतरचा वाद

'शेक्सपिअर इन लव्ह' हा १९९८ साली प्रदर्शित झालेला इंग्रजी भाषेतील प्रणयप्रधान विनोदी चित्रपट आहे. 'रोमिओ अँड ज्युलिएट' हे नाटक लिहीत असताना तरुण नाटककार विल्यम शेक्सपिअर एका धनिक व्यापाऱ्याच्या कन्येच्या प्रेमात पडतो, अशी त्याची कल्पित कथा आहे. दिग्दर्शन जॉन मॅडन यांचे असून पटकथा मार्क नॉर्मन व टॉम स्टॉपर्ड यांची आहे. जोसेफ फाइन्स आणि ग्वेनेथ पॅल्ट्रो यांनी प्रमुख भूमिका केल्या आहेत. मार्च १९९९ मध्ये झालेल्या ७१ व्या अकादमी पुरस्कार सोहळ्यात या चित्रपटाला १३ नामांकने आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ७ पुरस्कार मिळाले.

प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यत्वे या चित्रपटाची समीक्षा आणि त्याच्या प्रतिष्ठेत पुढे झालेले चढउतार हा आहे. प्रदर्शित झाला तेव्हा समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने वाखाणलेला हा चित्रपट आज 'ऑस्करला अपात्र' ठरवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या याद्यांत हटकून आढळतो. मधल्या काळात चित्रपटातील एकही दृश्य बदललेले नाही; त्याच्याविषयी विचारला जाणारा प्रश्न तेवढा बदलला आहे. आधी प्रश्न होता तो चित्रपट कसा आहे हा. २१ मार्च १९९९ च्या रात्रीनंतर तो दुसऱ्या एका चित्रपटापेक्षा चांगला आहे का, हा झाला.

कथानक

इ.स. १५९३ चे लंडन. 'रोज' या नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो (जेफ्री रश) कर्जात बुडालेला आहे आणि सावकार फेनिमन (टॉम विल्किन्सन) त्याचे पाय निखाऱ्यांवर धरून वसुली करू पाहत आहे. हेन्स्लोची सारी भिस्त विल शेक्सपिअरच्या नव्या विनोदी नाटकावर आहे; पण विलला एक ओळही सुचत नाही. नाटकाचे नाव काय, तर 'रोमिओ अँड एथेल, द पायरेट्स डॉटर'. नाटकवेडी व्हायोला डी लेसेप्स (पॅल्ट्रो) पुरुषवेष घेऊन 'थॉमस केंट' या नावाने नटांच्या निवडचाचणीला येते, कारण त्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांना स्थान नव्हते. विल आणि व्हायोला यांचे प्रेम जुळते आणि त्या प्रेमातील प्रसंग व वाक्ये नाटकात उतरू लागतात. व्हायोलाचा विवाह मात्र लॉर्ड वेसेक्स (कॉलिन फर्थ) या कफल्लक उमरावाशी ठरलेला आहे. शेवटी ती स्वतः ज्युलिएट म्हणून रंगमंचावर उभी राहते, राणी एलिझाबेथ (जुडी डेंच) हस्तक्षेप करून नटांना अटकेपासून वाचवते, आणि व्हायोला पतीबरोबर व्हर्जिनियाला निघून जाते. विल तिच्या आठवणीत 'ट्वेल्फ्थ नाइट' लिहायला बसतो.

निर्मितीची पूर्वपीठिका

मूळ कल्पना मार्क नॉर्मन यांची. १९९० च्या दशकाच्या आरंभी एडवर्ड झ्विक यांच्या दिग्दर्शनाखाली युनिव्हर्सल कंपनी हा चित्रपट करणार होती व नायिका ज्युलिया रॉबर्ट्स होती. नायक म्हणून तिला डॅनिएल डे-लुइस हवा होता. त्याने नकार दिल्यावर ती बाहेर पडली आणि उभारणी चालू असलेले नेपथ्य तसेच राहिले. काही वर्षांनी मिरामॅक्स कंपनीने प्रकल्प हाती घेतला व मॅडन यांची निवड झाली. त्यांनी त्यापूर्वी जुडी डेंच हिला राणी व्हिक्टोरियाच्या भूमिकेत घेऊन 'मिसेस ब्राउन' केला होता.

पटकथेचे पुनर्लेखन करणारे टॉम स्टॉपर्ड हे मुळात नाटककार. 'हॅम्लेट'मधील दोन दुय्यम पात्रांना नायकपद देणाऱ्या 'रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड' या नाटकामुळे ते १९६० च्या दशकात प्रसिद्धीस आले. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या स्टॉपर्ड यांच्या बालपणाची काही वर्षे दार्जिलिंगच्या शाळेत गेली, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांना ठाऊक असतेच असे नाही.

प्रदर्शनाच्या वेळची समीक्षा

चित्रपट डिसेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत आणि जानेवारी १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये प्रदर्शित झाला. रॉजर ईबर्ट यांनी त्याला आपल्या परीक्षणात पूर्ण चार तारे दिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जॅनेट मास्लिन यांनीही पॅल्ट्रोच्या भूमिकेची विशेष प्रशंसा केली. परीक्षणांचे संकलन करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर अनुकूल परीक्षणांचे प्रमाण आजही नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. सुमारे अडीच कोटी डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात २८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. शेक्सपिअरच्या नावाला प्रेक्षक बिचकतो, हा निर्मात्यांचा जुना समज त्यामुळे काही काळ तरी मागे पडला.

समीक्षकांनी नेमके काय वाखाणले, हे नीट पाहायला हवे, कारण पुढील वादात तेच विसरले गेले. पहिली गोष्ट म्हणजे विनोदाची रचना. चित्रपटातला विनोद दोन पातळ्यांवर चालतो. ज्याला शेक्सपिअरविषयी काहीही माहीत नाही त्याला नावाडी हा आजच्या टॅक्सीचालकासारखा गिऱ्हाइकाशी गप्पा मारताना आणि हळूच स्वतःचे लेखन पुढे करताना दिसतो, तेव्हा हसू येते. विलच्या टेबलावरचा स्ट्रॅटफर्डची आठवण म्हणून विकला जाणारा पेलाही तसाच. पण उंदरांशी खेळणारा, रक्तपात आवडतो म्हणून सांगणारा रस्त्यावरचा मुलगा आपले नाव जॉन वेबस्टर सांगतो, तेव्हा पुढे 'द डचेस ऑफ माल्फी'सारखी रक्तरंजित शोकांतिका लिहिणारा नाटककार हाच, हे ज्याला ठाऊक आहे तोच हसतो. न जाणणाऱ्याला त्या प्रसंगात काही चुकल्यासारखेही वाटत नाही. विद्वत्तेचे प्रदर्शन न करता विद्वत्तेचा विनोद करणे ही स्टॉपर्ड यांची हातोटी, आणि बहुतेक परीक्षणांत श्रेयाचा मोठा वाटा पटकथेकडे गेला तो योग्यच होता. बर्लिन चित्रपट महोत्सवातही नॉर्मन व स्टॉपर्ड यांच्या पटकथेला रौप्य अस्वल मिळाले.

दुसरी गोष्ट नाट्यव्यवसायाच्या चित्रणाची. येथे नाटक एकांतात, प्रतिभेच्या झटक्यात जन्म घेत नाही. ख्रिस्तोफर मार्लो (रुपर्ट एव्हरेट) मद्यगृहात बसल्या बसल्या कथानकाचा धागा सुचवतो. प्रमुख नट नेड ॲलन (बेन अफ्लेक) नाव सुचवतो. सावकाराला वैद्याची छोटीशी भूमिका मिळते आणि तोच धनको पाहता पाहता नाटकाच्या नादी लागतो. तोतरा शिंपी रंगमंचावर पाऊल टाकताच अस्खलित बोलतो. हे सारे कसे जुळून येते, असे विचारल्यावर हेन्स्लोकडे एकच उत्तर असते: ते गूढ आहे. नाटक मंडळीत वावरलेल्या कोणालाही या उत्तराची खूण पटावी. प्रणयकथेपेक्षा हा भाग अधिक टिकाऊ आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि चित्रपटाचे उत्तम मूल्यमापन करणाऱ्या लेखांतही भर याच भागावर आढळतो.

विरोधी सूर अगदीच नव्हता असे नाही. काहींना फाइन्सचा शेक्सपिअर फार देखणा आणि फार हलका वाटला. 'हॅम्लेट' लिहिणारा माणूस याच्या आत कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. फाइन्सला ऑस्करचे नामांकन मिळाले नाही. जुडी डेंच पडद्यावर जेमतेम आठेक मिनिटे दिसते. तेवढ्यावर तिला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाल्याने काहींनी आश्चर्य व्यक्त केले. पण चित्रपट पाहिल्यावर लक्षात राहणाऱ्या दोन-तीन गोष्टींत ती राणी असतेच असते.

इतिहास आणि कल्पित

इतिहासाच्या अभ्यासकांनी या चित्रपटाकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. हेन्स्लो, ॲलन, बर्बेज, मार्लो, वेबस्टर आणि दरबारी करमणुकीचा अधिकारी टिल्नी ही सारी खरी माणसे. 'रोज' नाट्यगृह हेन्स्लोने १५८७ मध्ये उभारले होते आणि त्याचे अवशेष १९८९ मध्ये लंडनमध्ये उत्खननात सापडले. हेन्स्लोची हिशेबाची वही आजही उपलब्ध असून त्या काळच्या रंगभूमीच्या अभ्यासाचे ते एक मुख्य साधन आहे. व्हायोला, वेसेक्स आणि त्यांच्या भोवतीचे सारे मात्र कल्पित आहे.

चुका मोजायच्या तर पुष्कळ सापडतात. वेसेक्स १५९३ मध्ये व्हर्जिनियातील तंबाखूच्या मळ्यांच्या गोष्टी करतो; त्या किनाऱ्यावर इंग्रजांची कायमची वसाहत जेम्सटाउन येथे १६०७ मध्ये झाली आणि तंबाखूची किफायतशीर लागवड त्यानंतरची. १५९३ चा बराच काळ प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बंद होती. राणी एलिझाबेथ सार्वजनिक नाट्यगृहात जात नसे. नट मंडळ्याच दरबारात जाऊन प्रयोग करीत. 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची कथा शेक्सपिअरला कोणाच्या प्रेमातून सुचलेली नाही. आर्थर ब्रुक याचे याच कथेवरील दीर्घ काव्य १५६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि नाटकाचा तोच प्रमुख आधार आहे. विद्यार्थ्यांनी हे शेवटचे विधान विशेष ध्यानात ठेवावे. या चित्रपटाच्या आधारे नाटकाची 'जन्मकथा' लिहिलेल्या उत्तरपत्रिका शिक्षकांच्या पाहण्यात येत असतात.

तथापि अशा चुकांची यादी करून चित्रपटाला नापास करणे हे समीक्षेचे काम नव्हे. पटकथाकारांना इतिहास ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. स्मरणवस्तूचा पेला टेबलावर ठेवणाऱ्याला कालविपर्यास म्हणजे काय ते चांगलेच कळते. गंभीर आक्षेप निराळाच होता. चित्रपटात विल आपले अठरावे सुनीत व्हायोलाला उद्देशून लिहितो. शेक्सपिअरची सुनीते १६०९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांतील पहिली १२६ एका तरुण पुरुषाला उद्देशून आहेत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. अठरावे सुनीत त्यांतच येते. शेक्सपिअरचे ख्यातनाम अभ्यासक स्टीफन ग्रीनब्लॅट यांनी फेब्रुवारी १९९९ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून याकडे लक्ष वेधले. कवीच्या भावजीवनातील गुंतागुंत पुसून त्याला एक सरळसोट, सर्वांना रुचेल असा प्रियकर करून टाकले आहे, हा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनीही मांडला आहे. त्यात तथ्य आहे. मात्र हेही नमूद केले पाहिजे की विल जिच्या प्रेमात पडतो तिचे पहिले दर्शन त्याला मुलाच्या वेषात होते आणि नावेत वेषांतरित व्हायोला त्याचे चुंबनही घेते. शेक्सपिअरच्या स्वतःच्या सुखात्मिकांतील वेषांतराचा खेळ पटकथेने तेथे काही प्रमाणात राखला आहे.

याखेरीज, नाटककाराशी प्रेम करण्यासाठी मुलाच्या वेषात नट मंडळीत शिरणारी उमराव घराण्यातील तरुणी ही कल्पना कॅरिल ब्रॅम्स व एस. जे. सायमन यांच्या 'नो बेड फॉर बेकन' या १९४१ च्या विनोदी कादंबरीतही आहे, हे साम्य अनेकांनी दाखवून दिले आहे.

ऑस्करची रात्र

त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाच नामांकने होती: 'शेक्सपिअर इन लव्ह', स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन', इटालियन भाषेतील 'लाइफ इज ब्यूटिफुल', 'द थिन रेड लाइन' आणि शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला 'एलिझाबेथ'. पाचपैकी तीन दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आणि दोन एलिझाबेथच्या काळातील, असा हा योग होता. फाइन्स आणि जेफ्री रश तर एलिझाबेथच्या काळातील दोन्ही चित्रपटांत होते.

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' जुलै १९९८ मध्ये प्रदर्शित झाला होता. ओमाहा किनाऱ्यावरील लढाईचे त्यातील आरंभीचे चित्रण युद्धपटांच्या इतिहासात नवा टप्पा मानले जाते. बहुतेकांची अटकळ अशी होती की मुख्य पुरस्कार त्यालाच मिळेल. स्पीलबर्ग यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यावर ती अटकळ जवळजवळ खात्रीत बदलली. मागील आठ वर्षे दिग्दर्शन आणि चित्रपट हे दोन्ही पुरस्कार एकाच चित्रपटाकडे गेले होते. शेवटचा लिफाफा उघडायला स्पीलबर्ग यांचा 'इंडियाना जोन्स' हॅरिसन फोर्ड आला, तेव्हा सभागृहाने निकाल मनात लिहूनही टाकला असावा. फोर्डने नाव वाचले ते 'शेक्सपिअर इन लव्ह'चे.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाखेरीज पॅल्ट्रो (अभिनेत्री), डेंच (सहायक अभिनेत्री), नॉर्मन व स्टॉपर्ड (मूळ पटकथा), सॅंडी पॉवेल (वेशभूषा), स्टीफन वॉरबेक (संगीत) यांना आणि कलादिग्दर्शनासाठी पुरस्कार मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे मानचिन्ह घेण्यास पाच निर्माते मंचावर आले. त्यानंतर अकादमीने एका चित्रपटासाठी जास्तीत जास्त तीनच निर्माते, असा नियम केला. एका चित्रपटामुळे नियम बदलावा लागणे हीसुद्धा एक प्रकारची दखलच होय.

या निकालाचे श्रेय आणि दोष दोन्ही मिरामॅक्सच्या प्रचाराला दिले जातात. अकादमीचे मतदार त्या वेळी काही हजारच होते. त्यांच्यापर्यंत जाहिराती, खासगी खेळ, व्हिडिओ कॅसेटी, मेजवान्या आणि कलावंतांच्या भेटी यांद्वारे पोहोचण्याचे तंत्र कंपनीचे प्रमुख हार्वे वाइनस्टाइन यांनी निवडणुकीच्या प्रचारासारखे राबवले. 'रायन'ची पहिली काही मिनिटे सोडली तर त्यात विशेष काही नाही, अशी कुजबुज पद्धतशीरपणे पसरवली गेली, असा आरोप प्रतिस्पर्धी गोटातून झाला. हा प्रचार अभूतपूर्व होता, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून निकाल पैशाने विकत घेतला, असे म्हणणे घाईचे ठरेल. प्रचाराशी काडीचाही संबंध नसलेल्या समीक्षकांनी त्या आधीच चित्रपट उचलून धरला होता. शिवाय मतदारांत नट हा सर्वांत मोठा वर्ग असतो, आणि नटांच्या धंद्याची अशी प्रेमाने थट्टा करणाऱ्या चित्रपटाला ते मत देतील हे अनपेक्षित नव्हते. अमेरिकन नटांच्या संघटनेनेही उत्कृष्ट कलावंतसमूहाचा पुरस्कार याच चित्रपटाला दिला होता. ब्रिटनमध्ये बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. तेथे अभिनेत्रीचा मान मात्र 'एलिझाबेथ'मधील केट ब्लँचेट हिच्याकडे गेला.

पुरस्काराचे ओझे

पुढील वर्षांत चित्रपटाच्या नावाला 'ज्याने रायनला हरवले तो' अशी पुरवणी कायमची जोडली गेली. २०१५ मध्ये 'द हॉलिवूड रिपोर्टर' या नियतकालिकाने अकादमीच्या सदस्यांना जुन्या वादग्रस्त निकालांवर पुन्हा मत देण्यास सांगितले, तेव्हा त्यांचा कौल 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'कडे गेला. या फेरमतदानाचा अर्थ लावताना थोडी सावधगिरी हवी. हसवणाऱ्या कलाकृतीचे वजन सतरा वर्षांनी तोलले की ते कमी भरते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. युद्ध, मृत्यू, बलिदान यांना काळाबरोबर भारदस्तपणा येत जातो. विनोद वारंवार पाहून शिळा वाटू लागतो. आपल्याकडेही विनोदी नाटके तुफान चालतात, पण वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना परिच्छेद मिळतो आणि शोकांतिकेला प्रकरण.

वादाची दुसरी शाखा पॅल्ट्रोच्या पुरस्काराची. त्या वर्षी 'सेंट्रल स्टेशन' या ब्राझीलच्या चित्रपटासाठी फर्नांडा मॉन्टेनेग्रो हिलाही नामांकन होते. एका थकलेल्या, तुसड्या वृद्धेचे तिने उभे केलेले चित्र अविस्मरणीय आहे आणि ब्राझीलमध्ये तो निकाल अन्याय म्हणून आजही स्मरणात आहे. अभिनेत्री ग्लेन क्लोज हिने २०२० मध्ये एका मुलाखतीत मॉन्टेनेग्रोचाच उल्लेख केला. २०२५ मध्ये हा विषय पुन्हा वर आला. मॉन्टेनेग्रोची कन्या फर्नांडा टोरेस हिला 'आय ॲम स्टिल हिअर' या चित्रपटासाठी अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. दिग्दर्शक तेच, वॉल्टर सॅलेस. तिलाही तो पुरस्कार मिळाला नाही, मात्र चित्रपटाने ब्राझीलला सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाचे पहिले ऑस्कर मिळवून दिले. या सर्व चर्चेत पॅल्ट्रोचा अभिनय कसा होता याचा विचार क्वचितच झाला. एकाच कलाकृतीत व्हायोला, थॉमस केंट, रोमिओ आणि ज्युलिएट अशा चार जणांचे बोलणे-चालणे सांभाळणे हे सोपे काम नाही. मॉन्टेनेग्रो श्रेष्ठ होती असे म्हणता येईल, आणि तरीही पॅल्ट्रोचे काम चांगले आहे. या दोन विधानांत विरोध नाही.

ऑक्टोबर २०१७ नंतर चित्रपटावर तिसरी छाया पडली. वाइनस्टाइन यांच्यावर अनेक स्त्रियांनी लैंगिक छळाचे आरोप केले आणि पुढे त्यांच्यावर न्यूयॉर्क व लॉस एंजेलिस येथे खटले चालले. पॅल्ट्रो हिनेही आपल्याला उमेदवारीच्या काळात त्यांच्याकडून आलेला त्रास 'न्यूयॉर्क टाइम्स'ला सांगितला. यानंतर या चित्रपटाच्या यशाची कथा पूर्वीच्या निष्पाप स्वरात सांगणे अवघड झाले. स्त्रीला रंगमंचावर येण्याची मुभा नाही आणि तिच्या विवाहाचा सौदा पुरुष ठरवतात, या विषयावरील चित्रपट. त्याच्या नायिकेलाच चित्रव्यवसायात काय सोसावे लागले हे कळल्यावर काही दृश्ये निराळी दिसू लागतात. चित्रपटाची गुणवत्ता त्यामुळे कमी होते का, यावर समीक्षकांत एकमत नाही. लेखक, नट, शिंपी, सुतार अशा शेकडो माणसांच्या श्रमाची फळे एका निर्मात्याच्या नावावर जमा करणे हेही दुसऱ्या बाजूने अन्यायाचेच आहे.

अकादमीच्या कार्यपद्धतीवर या प्रकरणाचे सावट अजून आहे. प्रचाराचे नियम वेळोवेळी कडक होत गेले आणि २०२३ मध्ये एका नामांकनावरून वाद झाल्यावर ते पुन्हा सुधारण्यात आले. एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने जाहीर केले की अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल तर त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असणे यापुढे बंधनकारक राहील. इतकी वर्षे ते बंधनकारक नव्हते, हे वाचून सामान्य प्रेक्षकाने चकित व्हावे.

मराठी रंगभूमीच्या संदर्भात

या चित्रपटाची मध्यवर्ती अडचण, म्हणजे स्त्रीभूमिका पुरुषांनीच करायच्या ही रूढी, मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. आगरकरांचे 'विकारविलसित' (१८८३) आणि देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) यांसारख्या शेक्सपिअरच्या मराठी अवतारांचे प्रयोग झाले, गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट गाजला, तेव्हा त्यांच्यासमोरच्या नायिका बहुधा पुरुषच रंगवीत. इंग्लंडमध्ये ही रूढी १६६० नंतर मोडली. आपल्याकडे बालगंधर्वांच्या लोकप्रियतेने ती विसाव्या शतकातही तगून राहिली आणि १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, ही घटना मराठी नाट्येतिहासात नोंदवण्याजोगी ठरली. चित्रपटात ज्युलिएट करणाऱ्या मुलाचा ऐन प्रयोगाच्या वेळी आवाज फुटतो. पाश्चात्त्य प्रेक्षकाला हा निव्वळ विनोद वाटला. नाटक मंडळ्यांच्या आठवणी वाचलेल्या मराठी माणसाला मात्र त्यामागची धास्ती ऐकू येते, कारण स्त्रीपार्टी नटाचा आवाज फुटणे म्हणजे कित्येकदा मंडळीच्या कमाईवरच गदा येणे होय.

नंतरचे मूल्यमापन

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये केलेल्या शंभर ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत या चित्रपटाला ४९ वे स्थान मिळाले. अर्थात प्रदर्शन नुकतेच झालेले असताना दिलेले स्थान फार मनावर घेऊ नये. २०१४ मध्ये ली हॉल यांनी केलेले नाट्यरूपांतर डेक्लन डोनेलन यांच्या दिग्दर्शनाखाली लंडनच्या नोएल कॉवर्ड थिएटरमध्ये रंगमंचावर आले. रंगभूमीवरील चित्रपट रंगभूमीवर परतला आणि तेथे त्याच्या मागे 'रायन'चे भूत नव्हते.

शेक्सपिअरच्या आयुष्यातून त्याच्या नाटकाचा उगम शोधण्याची ओढ त्यानंतरही संपलेली नाही. २०२५ मध्ये क्लोई झाओ यांनी मॅगी ओफॅरेल यांच्या २०२० मधील कादंबरीवरून 'हॅम्नेट' हा चित्रपट केला व टोरांटो महोत्सवात त्याला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १५९६ मध्ये अकरा वर्षांचा असताना वारलेला शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट आणि त्यानंतर काही वर्षांनी लिहिलेले 'हॅम्लेट' यांचा दुवा त्यात जोडला आहे. तर्क पद्धतीने पाहिले तर हा चित्रपटही तेच करतो जे 'शेक्सपिअर इन लव्ह'ने केले, म्हणजे पुरावा नसलेल्या जागी भावना ठेवणे. फक्त येथे हास्याऐवजी शोक आहे. त्यामुळे त्याला इतिहासाची उलटतपासणी फारशी सोसावी लागली नाही. लंडनमधील प्रेयसी रंगवताना स्ट्रॅटफर्डला राहिलेल्या ज्या पत्नीला १९९८ च्या चित्रपटाने केवळ ओझरत्या उल्लेखावर भागवले होते, ती येथे कथेच्या केंद्रस्थानी आली आहे. या चित्रपटाच्या निर्मात्यांत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचेही नाव आहे.